जांगडावर दिलेला गोलकीपर

वसमतच्या माणिकरावानं मला फसवलं. माझा धाकटा भाऊ सोपान त्यानं एका टूर्नामेंटपुरता मागून नेला, तो परत दिला नाही, आणि वर त्या पोराच्या कानात घातलं की तुझ्या भावानं तुला विकलं. आजकाल हिंगोलीतली पोरं मला विचारतात, आजोबा, इथं खरंच फुटबॉलचा क्लब होता का, आणि होता तर बंद का पडला? बंद पडला तो असा पडला. हे प्रकरण मी तेवढं सांगण्यासाठीच लिहितो आहे आणि त्यात गोड काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही मूळचे शिरड शहापूरकडचे, मेंढरंवाले. बाप गेल्यावर मायनं मेंढरं विकली, चार शेळ्या ठेवल्या आणि आम्हा दोघा भावांना घेऊन हिंगोलीत आली. ढोरबाजाराच्या पाठीमागं पत्र्याची एक खोली मिळाली. त्या खोलीचं वर्णन करायला फार काही नाही. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात शेळ्या आणि मधल्या जागेत आम्ही. पण आवाज मात्र मला अजून पाठ आहेत. पहाटे शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरं, मग मायचं जातं, मग लांबून छोट्या रेल्वेगाडीची शिटी. बाजाराच्या आदल्या दिवशी तर बैलांच्या खुरांनी पत्रा थरथरायचा. माय ज्वारीची भाकरी थापायची ती ताटाएवढी, आणि येसराची आमटी करायची. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की गल्लीच्या टोकापर्यंत वास जायचा. सोपान आमटीत भाकरी चुरायचा आणि वर ताट उचलून उरलेली प्यायचा. माय म्हणायची, "आरं, माणसासारखं जेव की लेकरा." तो म्हणायचा, "माय, माणसं हळू जेवतात अन् उपाशी राहतात." आज माझ्या घरात डायनिंग टेबल आहे, सून चार भाज्या करते, पण येसराची आमटी कोणालाच जमत नाही. मी दोनदा ताट सरकवून उठलो, तेव्हापासून त्यांनी करणंही सोडलं.

मी मिसरूड फुटायच्या आतच बाजारात एका दलालाच्या हाताखाली लागलो. शाळेत मला काही येत नव्हतं, पण माणूस किती ताणेल आणि कुठं तुटेल हे मला तोंड बघून कळायचं. ढोरबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी आत काय ठरलं ते त्या दोघांनाच माहीत. रुमालातलं बाहेर सांगणारा दलाल दुसऱ्या बाजारात उभा राहू शकत नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा जांगडाचा. एखाद्याला बैल पसंत आहे पण खात्री नाही, तर तो जांगडावर नेतो. म्हणजे नेऊन वापरून बघायचा आणि ठरल्या दिवशी परत आणून बांधायचा. मालकी बदलत नाही. रुमालाखाली जांगड सांगायचं असलं तर समोरच्याचं मनगट धरून आपल्याकडं ओढायचं. त्याला कबूल असेल तर तो पंजा दाबतो. ही खूण बाजारातलं शेंबडं पोरगंही ओळखतं.

आता क्लबचं. हिंगोलीत जुन्या काळी फौजेची छावणी होती, तिच्यामुळं इथं फुटबॉल आला असं म्हणतात. आमच्या वेळेला छावणीचं काही उरलं नव्हतं, पण रहीमचाचा उरले होते. त्यांच्या वडिलांनी छावणीच्या बँडमध्ये बिगुल वाजवलं होतं आणि चाचा लहानपणी गोऱ्यांचे बॉल उचलून द्यायचे. पुढं ते सायकलची पंक्चरं काढायचे. संध्याकाळी दुकान बंद केलं की गळ्यात शिट्टी अडकवून ढोरबाजारात यायचे आणि आम्हाला शिकवायचे. "अरे बैलां, गेंद कू लात नक्को मारो, रस्ता दिखाव!" हे त्यांचं नेहमीचं. आमच्या क्लबचं नाव कागदावर यंग स्टार, पण सगळा मुलूख आम्हाला ढोरबाजार म्हणायचा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आधी शेण गोळा करायचो, मग खेळायचो. शेण माय न्यायची, गोवऱ्या थापायची. त्यामुळं क्लबला घरून कधी विरोध झाला नाही. शर्ट मायनंच हळदीच्या पाण्यात रंगवले. पहिल्याच पावसात सगळ्यांच्या पाठी पिवळ्या झाल्या आणि वाशिमची पोरं आम्हाला नवरदेव म्हणायला लागली. बूट कोणालाच नव्हते. भीमनगरातला गौतम आमचा सगळ्यात उंच गडी. तो मागं उभा राहिला की बॉल त्याच्या डोक्यावरून जायचा नाही. त्याच्या घरी आम्ही जेवायचो आणि तो आमच्या घरी, आणि त्या काळात तेवढ्यावरूनही लोक बोलायचे. एकदा एकानं मायला येऊन सांगितलं, तर माय म्हणाली, "तुमच्या ताटातलं तर न्हाई ना खाऊन राहिलं कोनी?" तो पुन्हा आला नाही.

सोपान गोलात. त्याला कोणी शिकवलं नाही. मेंढरांमागं वाढलेलं पोरगं ते. पळत्या बोकडाचा मागचा पाय झेप घेऊन धरायचा त्याला लहानपणापासून सराव. बॉल म्हणजे त्याला बिनशिंगांचं कोकरूच. मी खोलीच्या दारातून बॉल मारायचो, तो समोरच्या चिंचेखाली धरायचा, आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "दादा, डावीकडंच काहून मारतो? पाय वाकडा हाय का तुझा?" चाचा त्याच्यावर जीव टाकायचे. परभणीपर्यंत त्याचं नाव झालं होतं.

म्हणून तर माणिकराव आला. वसमतच्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकाचा हा पुतण्या. तिथल्या तिरंगा क्लबचा सेक्रेटरी, परीटघडीचे कपडे आणि डोळ्याला काळा चष्मा. वसमतची टूर्नामेंट तोंडावर आली होती आणि त्यांचा गोलकीपर हात मोडून बसला होता. त्या काळी क्लब एकमेकांना गडी उसने द्यायचे. उसना गडी स्पर्धा खेळून मानानं परत यायचा, आणि दिलेल्या क्लबाशीच गाठ पडली तर त्यानं आपल्या माणसांकडं जायचं, ही रीत होती. त्या वर्षी आम्हाला त्या स्पर्धेत प्रवेशच नव्हता, त्यामुळं गाठ पडायचा प्रश्न नाही असं सगळ्यांना वाटत होतं. मला नाही वाटलं. मी दलाल आहे. मी पावसाळ्यात उन्हाळ्याचा सौदा करतो.

माणिकराव आपल्या क्लबची दोन-तीन पोरं बाहेर ठेवून खोलीत आला आणि शेळ्यांपासून लांब बसला. मायनं गुळाचा चहा दिला. सोपान दारात, गौतम आणि आणखी दोघं बाहेर. मी अटी बोलायला तोंड उघडलं तशी त्यानं हसून बाहेर उभ्या असलेल्या आपल्या पोरांकडं डोळा केला.

"ग्यानबा, तोंडानं नको बोलू. अटी ऐकून आमच्या पोरांच्या मनाला लागंल. तू बाजारातला माणूस, टाक रुमाल."

मला हसू आलं आणि, कशाला लपवू, छातीही फुगली. एवढा जिनिंगवाला माझ्या पद्धतीनं बोलतोय. मी खांद्यावरचा रुमाल टाकला. त्याचं एक बोट दाबलं, एक टूर्नामेंट. त्यानं उलट दाबलं, कबूल. मग मी त्याचं मनगट धरून माझ्याकडं ओढलं. जांगड. पोरगं माझं आहे, माझंच राहणार, गाठ पडली तर माझ्याकडं येणार. त्यानं पंजा दाबला. एकदा नाही, चांगला घट्ट दाबला. त्याच्या अंगठीचा खडा माझ्या बोटाला रुतला. त्याच्या वाडवडिलांनी आमच्या बाजारात बैल घेतलेले, त्याला खूण समजली नाही असं त्यानं म्हणू नये.

उठताना त्यानं पिशवीतून एक नवा कातडी बॉल काढला आणि माझ्या हातात ठेवला. "पोरांना खेळायला." आमच्या बॉलला चाचांनी इतकी ठिगळं लावली होती की तो उडायच्या ऐवजी सरकायचा. बाहेरची पोरं ओरडली. मी बॉल घेतला. भेट म्हणून दिला, भेट म्हणून घेतला. माय तेवढी म्हणाली, "कशाला घेतलं रे त्याचं?" मी म्हणालो, "तुला काय समजतं त्यातलं?"

दुसऱ्या दिवशी मायनं धपाटे आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली आणि सोपान पॅसेंजरनं वसमतला गेला. रुमालाखाली काय ठरलं हे मी त्याला सांगितलं नाही. रुमालातलं कोणालाच सांगत नसतात. मी एवढंच म्हणालो, "खेळून ये." तो खिडकीतून म्हणाला, "माझ्या मागं डावीकडं मारू नको, गौतम धरंल." तो असा माझ्याशी शेवटचा हसून बोलला.

मग व्हायचं तेच झालं. एका गावची टीम आली नाही, तिच्या जागी आम्हाला बोलावणं आलं. गौतमला गोलात उभं करून आम्ही खेळलो आणि जिंकत गेलो. सकाळच्या गाडीनं जायचं, खेळायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. सोपानची भेट होईना. विचारलं की सांगायचे, तो जिनिंगच्या आवारात आहे, आराम करतोय. मला तेव्हाच वास यायला पाहिजे होता. पण अनवाणी पोरं एकेका बूटवाल्या टीमला घरी पाठवत होती. त्या नादात माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. फायनल पडली ती तिरंगा आणि ढोरबाजार.

त्या दिवशी वसमतचं मैदान माणसांनी असं भरलं होतं की झाडांवरही जागा नव्हती. त्यांच्या गोलांना जाळ्या होत्या. सोपान त्यांच्या पोरांत बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पायात बूट बघितले.

"सोपान, चल," मी म्हणालो. "शर्ट बदल. आपल्या गोलात उभं राहा."

त्यानं मान वर केली नाही. "मी हितंच बरा हाय."

"काय बोलून राहिला? गाठ पडली तर तू आपला, असं ठरलंय माणिकरावाचं अन् माझं."

"इकलेल्या जनावराला कोनी हाक मारतं का?"

"कोन म्हनलं इकलं?"

"मंग बॉल कोनी घेतला, दादा? मी दारातच व्हतो. मायनं सुद्धा इचारलं व्हतं."

मी वळलो तर माणिकराव पाठीमागंच उभा. मी म्हणालो, "सांगा ह्याला. काय ठरलं होतं ते सांगा."

त्यानं चष्मा काढून पुसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ग्यानबा, रुमालातलं रुमालात. हे मी तुला शिकवायचं का? आणि बाजारात इसार घेतल्यावर सौदा फिरतो व्हय रे?" इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण म्हणून आधी हातावर ठेवतात ती वस्तू. भोवतालची माणसं हसली. कोणीतरी ओरडलं, "मालालाच इचारा कोनाच्या गोठ्यात जायचं ते!" पुन्हा हशा.

मी रीत मोडली. बाजारातल्या माणसानं जे कधी करू नये ते भर मैदानात केलं. ओरडलो, "जांगड होतं रे सोपान, जांगड! मनगट ओढलं होतं मी. मायची शपथ!"

तेव्हा त्यानं वर बघितलं. "जांगड?" म्हणाला. "मी काय गोऱ्हा हाय? दात मोजून न्यायला?"

 ह्याची उत्तरं मला नंतर पुष्कळ सुचली. जांगड म्हणजे जीव लावलेलं जनावरच माणूस देतो, नको असलेलं सरळ विकतो. आमच्या धंद्यात ह्याच्यापेक्षा मोठा शब्द नाही, हे त्याला सांगायला पाहिजे होतं. मी त्याऐवजी माणिकरावाची कॉलर धरली. चाचांनी मला कंबरेतून उचलून बाजूला केलं. "छोड ग्यान्या, बच्चा देखरा. घर जाके समझायेंगे, हौ?" घरी जाऊन समजावू म्हणाले. घरी कोण आलं?

खेळ मला नीट आठवत नाही. त्यांनी एक गोल मारला. गौतमच्या बोटाला लागून गेला, तो रात्रंदिवस ते बोट बघायचा पुढं कितीतरी दिवस. संपत आलं तेव्हा आम्हाला पेनल्टी मिळाली. गौतम म्हणाला, "मी मारतो, तू नको मारू ग्यानबा." मी त्याला ढकललं. माझ्यात आणि सोपानमध्ये तेवढीच जागा होती जेवढी आमच्या खोलीपासून चिंचेपर्यंत. मी मनाशी ठरवलं, उजवीकडं मारायचा. आणि पायानं डावीकडंच मारला. तो आधीच तिकडं पडला होता. त्यानं बॉल छातीशी धरला आणि उठेचना. त्यांची पोरं धावली, पाठीवर थापा मारायला लागली, तरी तो तोंड मातीत घालून पडलेला. मी जवळ गेलो. तो रडत होता. मी हात पुढं केला. त्यानं हाताकडं बघितलं, दुसऱ्या बाजूनं कोपरावर उठला आणि चालायला लागला.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो. घरी मायनं आमटी करून ठेवली होती, दोन ताटं मांडली होती.

"लेकरू कुठं हाय?"

"तिकडंच राहिला."

"काहून? तू काय बोलला त्याला?"

"मी काय बोलणार? त्या माणिकरावाला विचार!"

"माणिकरावाला मी कुठं वळखते," माय म्हणाली. "मी तुला वळखते." तिनं दुसरं ताट उचललं नाही. सकाळी त्यातली भाकरी शेळ्यांना घातली.

मी तो बॉल घेऊन वसमतला गेलो आणि जिनिंगच्या फाटकात माणिकरावाच्या पुढं टाकला. तो म्हणाला, इसार परत घ्यायची आमच्यात पद्धत नाही. मी तो परत आणला आणि ढोरबाजारात, सगळ्या पोरांसमोर, विळ्यानं कापला. लोक म्हणतात, ग्यानबानं बॉल कापला म्हणून क्लब मोडला. बॉल कापल्यानं क्लब मोडत नसतो. तसं असतं तर ठिगळांच्या बॉलवर आम्ही इतकी वर्षं खेळलो नसतो. पोरं आपोआप कमी झाली. चाचा काही दिवस शिट्टी घेऊन यायचे, गोलाच्या बांबूपाशी बसायचे, मग तेही यायचे थांबले. बांबू कोणीतरी मांडवाला नेले.

सोपानला माणिकरावानं जिनिंगमध्ये कामाला लावलं. दोन वर्षं खेळवलं, गुडघा गेल्यावर खेळातून काढलं आणि सरकीच्या ढिगावर ठेवलं. तो तिथंच राहिला, तिथंच लग्न केलं. मी तीनदा आणायला गेलो. पहिल्यांदा बोललो, दुसऱ्यांदा भांडलो, तिसऱ्यांदा तो घरातून बाहेरच आला नाही, त्याच्या बायकोनं तेवढं पाणी विचारलं. माय आजारी पडली तेव्हा आला. तिच्या उशाशी बसला, तिला भरवलं, तिचे पाय दाबले. मी आत गेलो की तो उठून शेळ्यांकडं जायचा. माय गेली तेव्हा आम्ही दोघांनी खांदा दिला, तो पुढून उजवीकडं, मी पुढून डावीकडं. ह्या मधल्या काळात मी सरकी-पेंडीचं दुकान टाकलं, मग गोदाम, मग ट्रक. माझ्याशी भाव करायला लोक घाबरतात. गौतम मास्तर झाला, अजून येतो संध्याकाळी. तो म्हणतो, "ग्यानबा, सौदा सोड आता." मी त्याला म्हणतो, तू मास्तर आहेस, तुला सोडता येतं.

सोपान गेला त्याला काही वर्षं झाली. सरकीच्या धुळीनं छाती भरली होती. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याचा मुलगा विलास पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देतो, वसमतच्या बसस्टँडमागं त्याचं दुकान आहे. त्याच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही. तरी मी गेलो. तो पाया पडला नाही. म्हणाला, "काका, जेवून जावा," जसं कोणाही परक्याला म्हणावं. त्याच्या मांडवात माणिकराव पहिल्या खुर्चीवर बसला होता. पाठ वाकलेली, कानात यंत्र. माइकवर बोलायला उठवलं तर म्हणाला, "सोपान हा हिरा मीच शोधला." मी उभा राहिलो आणि विचारलं, "शोधला की नेला?" दोन पोरांनी मला धरून बसवलं. आजोबा, लग्नकार्य आहे, म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. लग्नकार्य होतं.

इथं लग्नकार्य नाही, म्हणून इथं विचारतो. माणिकराव, तुम्हाला ऐकू कमी येतं, पण वाचता येतं. सोपानला आता तुम्ही किंवा मी काही सांगू शकत नाही, तो विषय संपला. विलास आहे. त्याच्या दुकानात जा, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसा आणि त्याला तोंडानं सांगा, की त्याच्या काकानं त्याच्या बापाला विकलं नव्हतं, आणि हे तुम्हाला त्या दिवशीही माहीत होतं. तो विचारेल, मग माझ्या बापाला खोटं का सांगितलंत? मलाही तेच विचारायचं आहे. एक फायनल जिंकायची होती म्हणून? मला माफी नको, तुमचं वय बघून दया यावी असा मी माणूस नाही. तुम्ही जिवंत आहात, मी जिवंत आहे, पोरगं दुकानात बसलेलं आहे. जा आणि त्याला उत्तर द्या.